वापरतं घर

१

रिकामं घर मरायला लागलं, की आधी त्याच्या बाथरूमला वास सुटतो. जमिनीवरच्या जाळीखाली पाण्याचा एक वळसा असतो. रोजच्या आंघोळीनं तो भरलेला राहतो आणि गटाराचा वास खालच्या खाली दाबून धरतो. आंघोळ करणारा परदेशात निघून गेला, की ते पाणी आटतं. वास वर येतो, वासामागून झुरळं येतात, आणि मालक सुट्टीवर आला की नाकाला रुमाल लावून म्हणतो, "अरे, लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना तुला?"

लक्ष ठेवणारा म्हणजे धाकटा. त्याला नाव होतं, पण गावात कोणाच्या तोंडात ते बसलं नव्हतं. थोरला परदेशी, आणि हा थोरल्याचा धाकटा. एवढीच ओळख, आणि ती ऐकली की त्याच्या पोटात दुखायचं.

सकाळी तो कुलपं उघडत फिरायचा. खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, पंखे फिरवायचे, गाद्यांना ऊन दाखवायचं, जाळ्यांमध्ये तांब्या-तांब्या पाणी ओतायचं. अंगणात झाकून ठेवलेल्या गाड्या थोडा वेळ गुरगुरत ठेवायच्या, नाहीतर बॅटरी बसते. मग सगळं परत बंद. गावातल्या तरुण पोरांना दोनच कामं उरली होती: जायची वाट बघणं, नाहीतर गेलेल्यांच्या घरांना पाणी पाजणं. धाकटा दोन्ही करायचा. "आधी थोरला जाईल, मग तो तुला नेईल" या बोलीवर त्यानं शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. जायचंच आहे तर कागदाची भेंडोळी कशाला? थोरला गेला. आणि मग तिकडून दर वेळी एकच ऐकू यायला लागलं, "बघतोय रे, बघतोय."

म्हातारा, म्हणजे त्याचा बाप, गवंडी. बाहेरून येणाऱ्या पैशावर त्यानं अर्धं गाव बांधलं. शेवटी थोरल्याचं घर बांधलं, आणि त्यानंतर बांधून घ्यायला गावात माणूसच राहिला नाही. आता भिंत सरळ धरायचा ओळंबा खिळ्याला टांगून तो दिवसभर आपल्याच भिंतींकडे बघत बसायचा.

थोरल्याचं घर पुढे, रस्त्याकडे तोंड करून, दुमजली. मागच्या जुन्या दोन खोल्यांत म्हातारा, म्हातारी आणि धाकटा. ज्याचं घर त्यानंच आधी वापरायचं, तोवर आत कोणी पाठ टेकायची नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की त्याची रीत होते. त्यामुळे गावभर म्हातारे-म्हाताऱ्या गळक्या खोल्यांत खोकत झोपायचे, आणि समोर गुळगुळीत फरशी कोणाच्या तरी पायांची वाट बघत लकाकत राहायची. थोरल्याच्या सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. किल्ली म्हातारीच्या उशाखाली. सकाळी मागून घ्यायची, काम झालं की हातात परत द्यायची, आपल्याच घरात चोरासारखं.

त्या सकाळी त्यानं थोरल्याच्या वरच्या बाथरूममध्ये तांब्या ओतला. कोरड्या जाळीत पाणी पडलं की तहानलेल्या माणसानं घोट घेतल्यासारखा आवाज येतो. आज तो आला नाही. पाणी पसरलं आणि मुकाट खाली सरकलं.

तो वाकला. वळसा काठोकाठ भरलेला होता.

मग त्याचं लक्ष साबणाकडे गेलं. घर झालं तेव्हापासून तो वेष्टनात होता. आता वेष्टन नव्हतं. साबण मऊ पडला होता, आणि त्याच्यावर एक काळा, आखूड केस चिकटला होता. धाकट्यानं नकळत आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

२

"वरचं बाथरूम कोणी वापरलं?" चहाच्या वेळी त्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं बशीतून मान वर केली. "म्हणजे काय? तूच की. काल दुपारी केस पुसत उतरलास. मी म्हटलं, चला, पोरगं आंघोळीला तरी लागलं."

"काल दुपारी मी गावाच्या त्या टोकाला होतो. मास्तरांच्या मुलाची गाडी चालू करत."

"मग मी काय खोटं बोलतोय? माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, बाबा, गुडघा कसा आहे आता? डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

धाकट्यानं त्या डोळ्यांकडे नीट बघितलं. दोन्हींत पांढरी साय धरलेली. याला उजेड आणि माणूस एवढाच फरक कळत असणार. आला असेल कोणीतरी, मीटरवाला नाहीतर पंपवाला, म्हाताऱ्याला तो पोरगाच वाटला. पण मीटरवाला आंघोळ कशाला करेल? आणि गुडघ्याचं कशाला विचारेल? धाकट्यानं तर ते आजवर कधी विचारलं नव्हतं. का विचारावं? थोरल्याच्या घराचा जिना बांधताना गेलेला गुडघा तो. थोरल्यानं विचारावं.

"जाऊ दे ना," म्हातारी पाठमोरीच म्हणाली. "वापरलं तर वापरलं. घर वापरतं असलेलंच बरं."

धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला. मागच्या उन्हाळ्यात त्यानं वरच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायलं, तर याच बाईनं अख्खी गल्ली गोळा केली होती. "त्यानं घाम गाळलाय तिकडे, आणि हा आयत्या बिळावर नागोबा!" आणि आज म्हणते, वापरतं असलेलं बरं.

ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. थोरला गेल्यापासून तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला नव्हता.

३

थोरल्याचा फोन संध्याकाळी यायचा. डब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि तिघांनी समोर बसायचं, केस विंचरून. म्हातारा तर सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावायचा. पोटच्या पोराशी नाही, साहेबाशी बोलतोय असं वाटावं. मग थोरला एकेकाची चौकशी करायचा आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, "धाकटा आहे का? बरं, बरं."

त्या दिवशी मात्र त्यानं आधी धाकट्यालाच बोलावलं.

"काय रे, हल्ली एकदम शहाणा झालास?"

"का? काय झालं?"

"बघतो ना मी. दुपारच्या सुट्टीत कॅमेरा लावून बसतो." नव्या घराच्या हॉलमध्ये थोरल्यानं कॅमेरा लावून घेतला होता, तिकडे बसून फोनवर सगळं दिसायचं. "तुम्हा दोघांना बघितलं की घास उतरतो माझ्या घशाखाली."

"दोघांना?"

"तुला आणि आईला. गप्पा काय, हसणं काय! इतकं काय बोलता रे? आवाज येत नाही इकडे."

धाकट्यानं आईकडे बघितलं. ती पदरानं फोनची काच पुसत होती. हॉलमध्ये तो कधी बसलाच नव्हता. खिडक्या उघडून तो थेट वर जायचा, कारण त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर उभं राहायची त्याला शिसारी यायची. आई आणि तो गप्पा मारत बसले, असं तर नव्या घरात काय, कुठल्याच घरात झालेलं त्याला आठवत नव्हतं.

"कॅमेऱ्यातला फोटो काढून पाठव मला," तो म्हणाला. "आम्ही कसे दिसतो ते बघू."

फोटो आला. सोफ्यावरचं प्लास्टिक घडी करून बाजूला ठेवलेलं. म्हातारी पाय वर घेऊन ऐसपैस बसलेली, तोंड उघडं, हसताना मिटलेले डोळे. शेजारी एक पाठमोरा माणूस, तिच्याकडे झुकलेला. अंगात धाकट्याचा चौकटीचा शर्ट. कॉलरच्या वर मान. मानेवर डाव्या बाजूला तो डाग, जो आरशातही धड दिसत नाही आणि फक्त न्हाव्याला माहीत असतो.

भीती नंतर वाटली. आधी तो जळला. त्या पाठीवर जळला. इतकी वर्षं थोरल्यावर जळून झालं होतं, पण थोरला निदान लांब होता, निदान तिकडे राबत तरी होता. हा कोण हरामखोर, जो सोफ्यावर बसतो आणि माझ्या आईला असं हसवतो?

मग त्यानं स्वतःला समजावलं. मीच बसलो असेन. माणूस विसरतो. डोकं फिरलेलं असतं आपलं. हे सगळं खरं धरायला तो तयार होता, पण किल्ली मागून घेऊन तो नव्या घरात गेला आणि सोफा बघितला. प्लास्टिक होतं. चारी कोपऱ्यांना ताणून, पहिल्या दिवसासारखं खोचलेलं.

प्लास्टिकच्या आत, गादीवर, शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांचे खड्डे होते.

४

गावातला शिंपी आता शिवत नसे, उसवत असे. तिकडून खोक्यांतून कपडे यायचे, इकडच्या माणसांना दोन मापांनी मोठे. ते उसवायचे, कापायचे, बसवायचे. "परदेशातल्या माणसांना आपल्यात बसवतोय," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

"या राजे!" धाकटा समोरून जाताना त्यानं हाक मारली. "तुमची पँट उद्या मिळेल."

"कुठली पँट?"

"घ्या! परवा माप देऊन गेलास की. दादानं पाठवलेलं कापड घेऊन आलास. प्रवासाची पँट आहे म्हणालास, चांगली शिवा काका."

"कसला प्रवास?"

शिंप्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मग गळ्यातली टेप काढून पुढे आला. "थांब जरा. उभा राहा सरळ." त्यानं कमरेला टेप गुंडाळली, कपाळाला आठी घातली, परत गुंडाळली. "हे काय? परवा भरला होतास की. आज पार आत गेलंय. आणि खांदे असे का पाडलेस? आजारी आहेस का?"

"नाही."

"परवा किती छान बोलत बसला होतास. माझ्या मुलीचं विचारलंस, मशीनला तेल घातलंस. मी घरी जाऊन म्हटलं सुद्धा, त्या गवंड्याचा धाकटा सुधारला म्हणून." शिंप्यानं टेप परत गळ्यात टाकली. "आज परत पहिल्यासारखाच."

परत पहिल्यासारखाच. धाकट्याला वाटलं, कात्री उचलावी आणि त्या खोक्यातले सगळे साहेबी कपडे उभे चिरावेत. पण तो नुसता उभा राहिला. कारण शिंप्याच्या आवाजात टोमणा नव्हता. हळहळ होती. जो परवा येऊन गेला तो आज आला नाही, याची.

५

दुसऱ्या दिवशी तो किल्ली परत देऊन, "गावात जातोय" असं ओरडून सांगून निघाला. मागच्या दारानं फिरून परत आला. जुन्या खोलीत म्हातारी नव्हती. नव्या घराचं दार नुसतं लोटलेलं. तो आत शिरला आणि जिन्याखालच्या अडगळीत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसला.

भर दुपार होती. घर इतकं गप्प होतं की फ्रीज नुसता धडधडला तरी त्याच्या छातीत ठोका पडायचा. मग वर नळ सुटला. पाणी पडत राहिलं, थांबलं. पावलं बाथरूममधून खोलीत गेली. म्हातारीची नव्हेत, ती पाय घासत चालते. ही पावलं टाच आधी टेकणारी, थोडी ओढत टाकलेली. चप्पल ज्या बाजूनं झिजते तशी. धाकट्यानं आपल्या चपलेकडे बघायचं टाळलं.

मग म्हातारीचा आवाज आला. ती गोष्ट सांगत होती. धाकटा लहान असताना चुन्याच्या खड्ड्यात पडला होता, ती. ही गोष्ट त्यानं शंभर वेळा ऐकली होती, आणि दर वेळी ती त्याला टोचायलाच सांगितली जायची. थोरल्यानं ओढून काढलं म्हणून वाचलास, लक्षात ठेव. आत्ता मात्र ती वेगळंच सांगत होती. "...आणि बाहेर काढल्यावर रडला नाहीस बघ. नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. तेव्हाच मी मनात म्हटलं, हा माझा. मोठा सगळ्यांचा, पण हा माझा."

कोणीतरी म्हणालं, "हं."

एवढंच. पण फोनमध्ये रेकॉर्ड झालेला आपलाच आवाज ऐकताना जशी लाज वाटते, तशी त्याच्या अंगावरून सरकली.

हे तिनं मला सांगायला हवं होतं. एकदा तरी. जिन्याखाली बसलेल्या धाकट्याच्या मनात भीती एका बाजूला आणि हे वाक्य मधोमध, घशात अडकलेल्या हाडासारखं. तिनं मला सांगायला हवं होतं. त्याला का सांगितलं?

तो धाडधाड जिना चढला आणि दार ढकललं.

खोलीत म्हातारी एकटीच होती. पलंगाच्या कडेला बसून चादरीची घडी घालत होती. टेबलावर दोन कप. एक रिकामा, एक अर्धा, वाफ निघणारा.

"कोणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशीच की."

"मी आत्ता वर आलो, आई."

"हो. आत्ता आलास." तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं, रोजचं तोंड परत आलं. "काय पाहिजे?"

तो पलंगाकडे बघत राहिला. तिच्या शेजारी, स्पंजच्या गादीत, बसलेल्या माणसाएवढा खड्डा होता. तो हळूहळू वर येत होता. गादी भरत गेली, सपाट झाली, आणि तिच्यावरच्या कापडाची शेवटची सुरकुती आपोआप सरळ झाली.

६

त्याच आठवड्यात थोरल्याचा फोन आला. काम झालं होतं. तो ज्या गोदामात होता तिथेच धाकट्याला जागा मिळाली होती, कागद झाले होते, तिकीट निघालं होतं.

म्हाताऱ्यानं ओळंबा खिळ्यावरून काढून उगाच पुसला आणि परत लावला. "बघ, मी म्हणत होतो ना, नेईल तो तुला. तुम्ही पोरं तोंड सोडता नुसतं." इतकी वर्षं यानं थोरल्याला एका शब्दानं आठवण केली नव्हती. पण श्रेय घ्यायला म्हातारा कधी लंगडला नाही.

ज्यासाठी धाकट्यानं इतकी वर्षं दातओठ खाल्ले ते समोर येऊन उभं राहिलं, आणि त्याला काही गोड लागेना. तो म्हातारीकडे बघत होता. थोरला गेला तेव्हा तिनं अंथरूण धरलं होतं. त्याचा न धुतलेला बनियन उशाला घेऊन झोपायची. धाकटा समोर जेवायला बसला तर ताटाकडे बघून म्हणायची, "तो काय खात असेल?" आता दुसरा पोरगाही चालला होता, आणि बाई बॅग भरताना गुणगुणत होती.

"वाईट नाही वाटत तुला?" त्यानं विचारलंच.

"कशाला वाईट वाटायचं?" तिनं शर्टाची बाही नीट केली. "तू इथंच तर आहेस."

त्यानं थोरल्याला सांगायचं ठरवलं. फोन घेऊन तो गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे गेला. "दादा, नीट ऐक. घरात कोणीतरी आहे. तू कॅमेऱ्यात बघतोस तो मी नाही."

पलीकडे थोरला मायेनं हसला. आजवर तो धाकट्याशी असा कधी हसला नव्हता.

"तूच म्हणालास ना काल फोनवर? दादा, निघायच्या आधी मी काहीबाही बोलेन, घाबरलेलो असेन, मनावर घेऊ नकोस. अरे, मीही घाबरलो होतो. सगळेच घाबरतात. ये तू, मी आहे इथं."

काल त्यानं थोरल्याला फोन केला नव्हता.

गिरणीच्या भिंतीला टेकून तो उभा राहिला. न जाणं सोपं होतं. "नाही जात" म्हणायचं की झालं. पण मग थोरल्यासारखं घर कधी होणार नव्हतं, गावातल्या जाळ्यांत पाणी ओतत केस पिकले असते. आणि जायचं, तर हे सगळं त्या घरातल्याच्या हातात ठेवून जायचं. आईचं हसणं, म्हाताऱ्याच्या खांद्यावरचा हात, शिंप्याची हळहळ. जे धाकट्याला कधी मिळालं नव्हतं ते सोडून जाताना त्याचा जीव तुटत होता, कारण ते दुसऱ्याला मिळणार होतं.

जाईन, त्यानं ठरवलं. पण त्याआधी त्याला कॉलरला धरून बाहेर काढीन. घर रिकामं करूनच जाईन.

७

जीप सकाळी आली. जीपवाला गावातल्या प्रत्येक जाणाऱ्याला विमानतळावर सोडायचा आणि प्रत्येकाला तोच विनोद ऐकवायचा. "बघ हां, नेताना मी रिकाम्या बॅगा नेतो आणि आणताना रिकामी माणसं आणतो." म्हातारा खो-खो हसला. शेजारच्या दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत फाटकापाशी आल्या. गावात निरोप द्यायला आता एवढीच माणसं उरली होती.

बॅग अंगणात होती. "एक मिनिट," धाकटा म्हणाला आणि नव्या घराच्या उघड्या दारातून आत शिरला.

जिना चढताना वर नळ वाहत होता. त्यानं बाथरूमचं दार लाथेनं उघडलं. आत कोणी नव्हतं. आरशावर वाफ, फरशी ओली, आणि ओल्या पायांचे ठसे बाहेर पडून खोलीकडे गेलेले. तो ठशांमागून गेला. खोलीच्या मधोमध, पलंगापाशी, ते संपत होते. तो वळून उभा राहिला तेव्हा त्याला दिसलं, की आपण नेमके शेवटच्या दोन ठशांवर उभे आहोत, आणि आपला पाय ठशाच्या कुठं बाहेर जात नाही की त्याला कुठं कमी पडत नाही.

मागे दार लागलं. हळूच, झोपलेल्या माणसाची खोली लावतात तसं. बाहेरून कडी सरकली. गेलेल्यांच्या घरांत प्रत्येक खोलीला बाहेरून कडी असते. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवलेली, पक्की.

"ए!" त्यानं दारावर मुठी आपटल्या. "कोण आहे? उघड!"

जिन्यावरून पावलं खाली गेली. टाच आधी टेकणारी.

तो खिडकीकडे धावला. काच सरकेना. खाली अंगणात जीपचं मागचं दार उघडं होतं, आणि घरातून कोणीतरी उतरून बॅगेकडे चाललं होतं. प्रवासाची नवी पँट, कमरेला चोख बसलेली. जीपवाल्यानं पाठीवर थाप मारली. "काय रे, रडून आलास वाटतं तोंड धुऊन!" म्हाताऱ्यानं त्याला जवळ ओढलं आणि गुडघ्याची पर्वा न करता पायांच्या बोटांवर उभं राहून त्याचं कपाळ हुंगलं. शेजारच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत होत्या.

आणि म्हातारी रडत होती. हंबरडा फोडून, त्याच्या छातीवर डोकं घासत, थोरला गेला तेव्हा रडली त्याहून जास्त. धाकटा काचेवर तळहात बडवत होता, ओरडत होता, पण चालू जीपच्या घरघरीत खाली कोणाला ते ऐकू जाईना. तरी त्या ओरडण्याच्या आतसुद्धा एक आवाज म्हणत होता, बघ, कशी रडतेय. माझ्यासाठी रडतेय. आणि मिळतंय त्याला.

जीपमध्ये चढताना त्या माणसानं मान वळवली. पूर्ण नाही. गाल आणि डोळ्याचा कोपरा दिसेल एवढीच. वरच्या खिडकीकडे बघावं की नाही असं जणू त्याच्या मनात आलं, आणि त्यानं बघितलं नाही. जीप निघाली.

म्हातारीनं मात्र वर बघितलं. थेट त्याच्याकडे. ती दचकली नाही. तिनं फक्त एक बोट ओठांवर ठेवलं.

"काय गं, रडता रडता थांबलीस का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही बसा, मी आले."

जिन्यावर पाय घासत ती आली. दाराबाहेर थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि फरशीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज.

"आई, दार उघड. तो मी नाही. जीप थांबव. आई, ऐक, तो मी नाही!"

"ओरडू नकोस, बाळा." बाळा. त्याला ती असं कधी म्हणाली नव्हती. "एकाला नेलं, तेव्हा मी काही बोलले नाही. दोघांनाही नेतात का कोणी? तुला जायचं होतं, तर गेलास ना तू? थाटात गेलास. मी रडले पण तुझ्यासाठी. आता तू राहा."

"पण मला जायचंय!"

"माहीत आहे. इतकी वर्षं तेच तर ऐकलं." तिनं दाराला गाल टेकवला असावा, आवाज अगदी जवळून आला, ऊबदार. "दूध ठेवलंय, पिऊन घे. मग तोंड धू आणि केस विंचर. पोचल्यावर तो फोन करणार आहे. तुझ्याशीच बोलायचंय म्हणाला, तिकडे कसं आहे ते सगळं तुला सांगायचंय."